आजीच्या डब्यातले रुपये: वजन आणि मापाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मामाने आज आजीचा पितळी डबा आणून दिला. आजी गेल्याला वर्ष झालं, आता आम्हा पाच नातवंडांत नाणी वाटायची आहेत. आत्या म्हणाली सगळी सराफाला देऊन टाका नि पैसे वाटून घ्या, मामाला ते पटेना आणि मला तर अजिबातच नाही. मग मामाच म्हणाला, "तूच बघ बाबा, कुठलं खरं कुठलं खोटं, कुठलं किती झिजलंय, सगळ्यांना सारखं मिळायला पाहिजे." म्हणून या नोंदी.

एकूण ६४ नाणी. त्यात ४१ रुपये, ६ अधेल्या (अर्धा रुपया), ९ पावल्या (पाव रुपया), ६ चवल्या (रुपयाचा आठवा भाग), आणि दोन जाडजूड ओबडधोबड तुकडे, ज्यांना आजी "पेशव्यांचे रुपये" म्हणायची. सगळी काळपट, काहींवर हळदकुंकू घट्ट बसलेलं, कारण दर लक्ष्मीपूजनाला हीच नाणी पाटावर मांडली जायची.

सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास-जाडी मोजायला डिजिटल व्हर्निअर, १० पट भिंग, आणि एक्सेल शीट. वर्ष, राजा की राणी, वजन, व्यास, काठाची जाडी, शेरा, एवढे कॉलम केलेत.

आज नुसती वजनं घेतली. रात्री बघतो तर बरेच रुपये ११.६८, ११.७० असे निघालेत. शंभर वर्षं वापरलेले रुपये टांकसाळीतल्यापेक्षा जड कसे भरतील? उद्या काटा तपासायचा.

६ ऑक्टोबर, रविवार

काटाच चुकत होता. ओळखीच्या एकाच्या लॅबमधून ५० ग्रॅमचं वजन आणलं, ते ठेवलं तर ५०.१३. म्हणजे रुपयामागे ०.०३ ग्रॅम जास्त दाखवत होता. कॅलिब्रेट केला, पंखा बंद केला, काटा डायनिंग टेबलावरून उचलून फरशीवर ठेवला (टेबल हलतं, आकडे नाचतात) आणि सगळी ६४ नाणी परत मोजली. आता प्रत्येक दहा नाण्यांनंतर ५०चं वजन ठेवून बघतोय, आणि प्रत्येक नाणं तीनदा मोजून मधला आकडा लिहितोय. कालची सगळी मेहनत वाया गेली पण बरं झालं, नाहीतर ०.०३ची चूक घेऊन पुढचं सगळं गणित चुकलं असतं.

०.०३ म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण खाली बघा.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑफिसमधून आल्यावर आकडेमोड. रुपयाचं वजन १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखात एकच केलं, १८० ग्रेन (ग्रेन हे इंग्रजी वजन), त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी (९१.७ टक्के) आणि एक भाग तांबं. १८० ग्रेन म्हणजे ११.६६४ ग्रॅम. आणि तोळाही तेवढाच, १८० ग्रेन. म्हणूनच जुनी माणसं "रुपयाभार" म्हणायची, आजी काढ्याला सुंठ घ्यायची ती रुपयाभारच. तराजूच्या एका पारड्यात रुपया टाकला की झाला तोळा. आता सराफाकडे तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात, त्यामुळे घरातले लोक "रुपया म्हणजे एक तोळा चांदी" म्हणतात तेव्हा दोन ठिकाणी घोळ होतो, एक तर तोळा बदललाय आणि दुसरं म्हणजे त्यात १६५ ग्रेनच चांदी आहे, १०.६९ ग्रॅम.

मुख्य मुद्दा टॉलरन्सचा, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-जास्त चालेल याचा. १९०६ च्या नाणे कायद्यात दोन वेगळ्या सवलती होत्या आणि मी आधी त्या एकच समजत होतो.

पहिली टांकसाळीची. नवं नाणं बाहेर पडताना किती कमी-जास्त चालेल? रुपया आणि अधेलीला हजारी ५ (हजार भागांत ५), पावलीला हजारी ७, चवलीला हजारी १०. म्हणजे रुपया ११.६०६ ते ११.७२२ या दरम्यान हवा. चांदीच्या कसालाही (शुद्धतेलाही) अशीच सवलत, रुपयाला हजारी २.

दुसरी झिजेची. रुपया किंवा अधेली २ टक्क्यांपेक्षा जास्त घटलेली नसेल तर ती तेव्हा कायदेशीर चलन, ती नाकारता येत नसे. २ टक्के कमी म्हणजे ११.४३१.

आता बघा, पहिली सवलत दोन्ही बाजूंना आहे, दुसरी फक्त खाली. नाणं वापरून हलकं होतं, जड कधीच होत नाही. म्हणून आपल्या वजनाच्या पट्ट्याचा वरचा काठ पक्का आहे, ११.७२, आणि खालचा काठ सैल. एखादा रुपया ११.५० भरला तर मला काहीच वाटणार नाही, पण ११.७८ भरला तर आधी तो बाजूला काढणार. माझ्या शीटमध्ये मी "±०.२" असा एकच टॉलरन्स टाकला होता तो आज काढून टाकला. जुन्या नाण्याला असा दोन्हीकडून सारखा पट्टा लावणं चूकच आहे.

(१९०६ च्या आधीच्या नाण्यांनाही मी हीच पट्टी लावतोय, तुलनेसाठी.)

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सुट्टी. सोनं वाटून झालं, जेवण झालं, मग बसलो. आज एक गोष्ट सुचली आणि तिचा आनंद अजून जात नाहीये.

जुना सराफ गुंजांवर वजन करायचा. ८ गुंजा म्हणजे एक मासा, १२ मासे म्हणजे एक तोळा. म्हणजे रुपयाच्या ९६ गुंजा. एक गुंज येते ०.१२ ग्रॅमच्या आसपास. आता वरचे आकडे गुंजांत करा: टांकसाळीची सवलत ०.०५८ ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धी गुंज, आणि २ टक्क्यांची झीज ०.२३३ ग्रॅम म्हणजे जवळजवळ दोन गुंजा.

म्हणजे बाजारातल्या माणसाच्या हातात ताजवा आणि लाल गुंजा असल्या तर नवं नाणं पन्नास मिलिग्रॅमने कमी आहे की नाही हे त्याला कळलं नसतं, पण दोन गुंजांची घट त्याला नक्की कळली असती. कायद्याची रेघ आणि पेठेतला काटा बरोबर एका ठिकाणी येतात. ती रेघ गुंजा बघून आखली असं मी म्हणत नाही, पण वापरणाऱ्याला ती दिसत होती एवढं खरं.

मामीने संध्याकाळी विचारलं अजून ते नाण्यांचंच चाललंय का. चाललंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

व्यास मोजायचा दिवस. इथे मला वाटलं होतं त्याच्या उलटं निघालं.

वजनात एवढी गडबड आहे तर व्यासात अजून असेल असं डोक्यात होतं, पण नाही, रुपये ३०.५ ते ३०.७ मि.मी. यातच सगळे, अगदी घासून गुळगुळीत झालेलेसुद्धा. कारण समजून घेतलं की सोपं आहे. यंत्रावर नाणं पाडताना चकती एका पोलादी कड्यात बसते, वरून-खालून ठसे दाबले की चांदी बाहेर पसरते आणि कड्याला जाऊन टेकते, काठावरचे उभे दातेही त्या कड्यानेच पडतात. म्हणजे व्यास कड्याने ठरवला, माणसाने नाही.

मग वजन कशाने ठरतं? पट्टीच्या जाडीने. चांदीची पट्टी लाटतात, तिच्यातून चकत्या पाडतात. मी हिशोब केला: ११.६६ ग्रॅम, घनता १०.३४, म्हणजे आकारमान ११२८ घन मि.मी., ३०.६ व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ७३५ चौरस मि.मी., म्हणजे सरासरी जाडी १.५३ मि.मी. (व्हर्निअर १.९-२.० दाखवतो कारण तो उंच काठ पकडतो, मधला खोलगट भाग नाही. म्हणून काठाच्या जाडीवरून काही ठरवू नये.) आता १.५३ चे हजारी ५ किती? ०.००८ मि.मी. सुद्धा नाही. आपला केस ०.०७ च्या आसपास असतो. म्हणजे केसाच्या नवव्या हिश्श्याएवढी पट्टी जाड लाटली गेली की रुपया सवलतीबाहेर. हे मुंबईच्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर, एकोणिसाव्या शतकात, लाखांनी नाणी पाडताना सांभाळलं जात होतं. मी आज त्या ११.६६ कडे बघून जरा वेळ गप्पच बसलो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

थोडंच. दोन "पेशव्यांचे रुपये". दोघांवर फारसी अक्षरं अर्धवट, एकावर अंकुश स्पष्ट दिसतो, म्हणजे अंकुशी रुपया. वजन ११.२१ आणि ११.०८. व्यास एकाचा एका बाजूने २२.४ तर दुसऱ्या बाजूने २१.६, दुसरा तर बोरासारखा वाकडा. इथे सगळं उलट आहे: ठसा चकतीपेक्षा मोठा, कडं नाहीच, हातोडीच्या घावाने चांदी जाईल तिकडे जाईल. त्यामुळे आकाराला टॉलरन्स असा नव्हताच, कोणी मागितलाही नाही. पण वजन बघून घेतलेलं, तुकडा जड असला तर कातरून, हलका असला तर जोड देऊन. आणि तरीही व्यवहारात सराफ वाजवून, तोलून, कस बघून घ्यायचा आणि कमी असेल तेवढा बट्टा कापायचा. चांदवडी, मल्हारशाही, अंकुशी, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. "नावाला बट्टा लागला" म्हणतो तो हाच.

यांना शीटमध्ये व्यासाच्या कॉलममध्ये दोन आकडे टाकलेत, पास-नापास नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वजनाचा पट्टा लावून ४१ रुपयांची वाटणी केली. त्यातले ३ रुपये १९४० नंतरचे, ते आधी बाजूला, कारण १९४० पासून चांदी अर्धीच राहिली, बाकी तांबं, निकेल, जस्त. गंमत म्हणजे वजन तेच ठेवलं, ११.६६. नुसत्या वजनावर गेलं तर फसणारच. काठ बघायचा, दात्यांच्या मधून एक नक्षीची खाच फिरलेली असते, ती सुरक्षेसाठी. आणि झिजल्यावर रंग तांबूस-पिवळट होतो.

राहिले ३८. १५ नव्यासारख्या वजनाचे (११.६०६ च्या वर), १९ झिजलेले पण चालणारे, २ दोन टक्क्यांच्या खाली, २ वरच्या काठाच्या बाहेर.

खाली गेलेले दोन: एक १८४० चा ११.३१ आणि एक १८६२ चा ११.३८. १८६२ सालची गोष्ट अशी की ते वर्ष ठशावर तसंच ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले, त्यामुळे १८६२ दिसलं म्हणून वय ठरवता येत नाही. या दोघांवर राणीचे केस पार गुळगुळीत, गालाचं नुसतं टेकाड राहिलंय. हे खोटे नाहीत, थकलेत एवढंच.

वरचे दोन: ११.७४ आणि ११.७९. इथे खरी शंका.

२० ऑक्टोबर, रविवार

११.७४ चा उलगडा सकाळीच झाला. १९१९ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. भिंगाखाली धरला तर "वन रुपी" या अक्षरांच्या खोबणीत, वेलीच्या पानांमध्ये, दात्यांच्या फटीत, सगळीकडे कुंकू भरलेलं, तेलात बसून दगड झालेलं, वरून काळं म्हणून दिसत नव्हतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून रात्रीपर्यंत ठेवला, पाणी हळूहळू गुलाबी झालं. मग मऊ ब्रशने, न घासता, नुसतं थोपटून. वाळवून मोजला तर ११.६९. पाच शतांश ग्रॅम कुंकू. आजीने आणि तिच्या सासूने लावलेलं. ते पाणी मी तुळशीत ओतलं.

एक सांगून ठेवतो, दंतमंजन, राख, चिंच, चांदी चमकवायची पावडर, यातलं काहीही वापरू नका. आमच्याकडे दोन अधेल्या कधीतरी दंतमंजनाने लखलखीत केल्यात, दोन्ही ५.७० च्या आसपास, बाकीच्या चार ५.७८ च्या वर. ५.७१५ ही २ टक्क्यांची रेघ. ती चमक म्हणजे गेलेली चांदी आहे.

११.७९ उद्या.

२३ ऑक्टोबर, बुधवार

११.७९. १९०७ चा, सातव्या एडवर्डचा, मुकुट नसलेलं उघडं डोकं. व्यास ३०.६ एका बाजूने आणि ३१.० दुसऱ्या बाजूने, म्हणजे कुठेतरी काहीतरी चिकटलंय. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर काठावर दाते गायब, तिथे वितळलेल्या थेंबासारखा एक गुळगुळीत डाग, रंग जरा पिवळा. डाख आहे, म्हणजे जोड देताना वितळवून लावलेला धातू. याला कडी लावली होती आणि नंतर कडी तोडली, डाख तसाच राहिला.

मामाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "अरे तो माळेतला. आजीच्या आईच्या गळ्यात चवल्या-पावल्यांचा हार होता, मधोमध पदक म्हणून एक आख्खा रुपया. १९७२ च्या दुष्काळात हार मोडला." मग मी सगळ्या पावल्या-चवल्या परत भिंगाखाली घेतल्या. ९ पैकी ४ पावल्यांवर आणि ६ पैकी ५ चवल्यांवर त्याच जागी तसाच डाग, छोटा. मी आधी तो घाण म्हणून सोडून दिला होता.

म्हणजे हे सगळे एका हाराचे. शीटमध्ये "हार" असा नवा कॉलम केला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पावल्या-चवल्यांचं वजन. चवली १.४५८ ग्रॅम, सवलत हजारी १०, म्हणजे ०.०१५. टक्क्यात सवलत रुपयाच्या दुप्पट पण ग्रॅममध्ये बघितलं तर माझ्या काट्याच्या एका-दीड आकड्याएवढी. म्हणजे माझा काटा चवलीसाठी पुरेसाच नाही, १.४५ दाखवतो तेव्हा ती १.४४६ आहे की १.४५४, कळायला मार्ग नाही. छोट्या नाण्याला हजारी जास्त सवलत का, तर पट्टीच्या जाडीतली तेवढीच चूक पातळ चकतीला जास्त भोवते. त्यामुळे चवल्यांसमोर पास-नापास लिहिलं नाही. हाराच्या चवल्यांवर डाखही आहे, ते वेगळंच.

पावल्या जास्त झिजल्यात, अपेक्षेप्रमाणे. एक २.७१ आहे, म्हणजे ७ टक्के गेली. पावली रोज बाजारात जायची, रुपया घरात राहायचा.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज पाण्याची चाचणी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवायचं, तळाला लागू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवतो तेवढं नाण्याचं आकारमान, घन सें.मी.मध्ये. चांगल्या रुपयाला १.१२ किंवा १.१३ यायला हवं. एका शतांशाने इकडे-तिकडे झालं की घनता टक्क्याने हलते, म्हणून ९१.७ टक्के चांदी की ९० हे यावरून कळत नाही, पण अर्ध्या चांदीचा रुपया लगेच पकडला जातो, तिथे १.२२ येतं. ते तीन १९४० नंतरचे ठेवले, १.२२, १.२३, १.२२. पद्धत चालते.

मग नुसती खात्री म्हणून ३८ पैकी प्रत्येक बुडवला. दुपारचे तीन वाजले होते, कंटाळा आला होता, शेवटचे सात-आठ सोडून द्यावेत असं वाटत होतं. ३१ वा रुपया, १९०१ चा राणीछाप, वजन ११.५२, माझ्या शीटमध्ये "झिजलेला, ठीक" असं लिहिलेलं. पाण्यात १.२४. परत. १.२४. घनता ९.२९.

व्यास बघितला, मीच लिहिलंय, ३०.१. बाकी सगळे साडेतीसच्या वर. १३ तारखेला मी "सगळे ३०.५ ते ३०.७" लिहून मोकळा झालो आणि हा एक आकडा नजरेतून सुटला. भिंगाखाली राणीच्या गालावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, काठाचे दाते बोथट, एका जागी कानस फिरवल्याच्या रेघा. साच्यात ओतलेला. खऱ्या रुपयाचा साचा घेऊन ओतला की धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून व्यास कमी येतो, आणि वजन भरायला जाड ओततात. काठ २.२ आहे. लाकडी पाटावर टाकून वाजवला, खऱ्याचा खणखणीत आवाज लांबत जातो, याचा बद्द आवाज, लगेच मेला.

वजनात बरोब्बर बसवलेला. ज्याने ओतला त्याला दोन गुंजांची रेघ माहीत होती. ११.५२, ना जास्त जड ना जास्त हलका, झिजलेल्या रुपयासारखा. त्याला फक्त व्यास साधला नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

शेवटची बेरीज: ३८ पैकी नव्या वजनाचे १६ (कुंकवाचा धरून), झिजलेले १८, दोन टक्क्यांखाली २, डाखाचा १, खोटा १.

१६ मधला एक १९१८ चा, ११.६५. त्या वर्षी चांदी इतकी कमी पडली की इंग्रजांनी अमेरिकेकडून जवळपास २० कोटी औंस चांदी घेतली आणि अमेरिकेने त्यासाठी आपले चांदीचे डॉलर वितळवले. आमच्या रुपयात त्यातली चांदी असेल नसेल, पण पुतण्याला हे सांगितल्यावर तो रुपया त्याला सोडवेना.

वाटणीचा प्रश्न मामाशी बोललो. वजनावर वाटलं तर झिजलेले कोणाला हा वाद, नगावर वाटलं तर खोटा कोणाला हा वाद. असं ठरलं: ९१.७ टक्क्यांचे चांगले आणि झिजलेले रुपये मिळून ३६, त्यातला १९१८ चा पुतण्याला, उरलेले ३५, प्रत्येकी ७, प्रत्येकाची बेरीज ८०.९ ते ८१.१ ग्रॅममध्ये बसवली, शीटमध्ये अदलाबदल करत दीड तास लागला. अधेल्या, दोन पेशव्यांचे आणि १९४० नंतरचे तीन मामाकडे. हाराच्या पावल्या-चवल्या आणि डाखाचा रुपया एकत्र, ते कोणालाच तोडून द्यायचे नाहीत, यावर आत्याही लगेच हो म्हणाली. बाकी सुट्या पावल्या लहान मुलांना.

खोटा रुपया मी मागून घेतला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

सगळ्यांनी आपापली नाणी आणली, पाटावर लाल कापडावर मांडली. मामीने कुंकवाची वाटी घेतली नि माझ्याकडे बघून थांबली, मी म्हटलं लावा. हाराची दहा नाणी मध्ये, डाखाचा रुपया वर, ज्या क्रमाने ती गळ्यात असतील तसं लावायचा प्रयत्न केला, चार पावल्या दोन-दोन करून बाजूंना, मग चवल्या. पाचवी चवली कुठे ठेवायची कळेना, मामाने ती उचलून एकदम खाली, मधोमध ठेवली.